वेलर्टनचा मुका माइक

माइक बोलतोय म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, त्यात काय नवल, माइकचं कामच ते. पण ज्या आठ वर्षांमुळे मला लोक ओळखतात, त्या आठ वर्षांत माझ्यातून एक अक्षरही बाहेर गेलेलं नाही. माझ्यासमोर दीडदोनशे गायक-गायिका उभे राहिले. कुणी मला मुठीत धरलं, कुणी डोळे मिटून माझ्यावर ओठ टेकवले. मी मेलेला आहे हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, स्टुडिओतल्या झाडूवालीलाही माहीत होतं. एका मुलीला मात्र माहीत नव्हतं. तिच्यासाठी हे सांगतोय, आणि सांगून काही उपयोग नाही हेही जाणून सांगतोय.

शिकागोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. युद्ध नुकतंच संपलं होतं. लांब टेबलाशी बायका चिमटे घेऊन बसायच्या आणि केसाहून बारीक तार गुंडाळायच्या. जिनं माझी तार गुंडाळली ती दिवसभर शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगायची. म्हणजे माझ्या कानावर पडलेला पहिला मनुष्यवाणीचा शब्द गाऱ्हाण्याचा होता. पुढचं आयुष्य बघता शकुन बरोबर होता म्हणायचं. मग माझ्या अंगावर चकचकीत मुलामा चढला, छातीवर उभ्या पट्ट्या आल्या, आणि मी एवढा देखणा दिसू लागलो की माझं वाटोळं त्याच देखणेपणानं केलं.

तिथून मी वेलर्टनला आलो. ओहायो नदीकाठचं पोलादाचं गाव, कारखान्याच्या भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर निजणारं. तिथल्या रेडिओ केंद्रात मी नऊ वर्षं इमानानं नोकरी केली. नदीला पूर आला तेव्हा तीन दिवस माझ्यातून सूचना जात होत्या, कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत आसरा. मक्याचे भाव गेले, रविवारची प्रवचनं गेली. एकदा एका बाईनं माझ्यासमोर उभं राहून रुसून गेलेल्या नवऱ्याला सांगितलं, "हॅरी, झालं गेलं विसरले, घरी ये." चार दिवसांनी हॅरी तिला घेऊन केंद्रात आला, सगळ्यांना डोनट वाटले आणि मला बोटानं हळूच टिचकी मारून गेला. त्या दिवशी मला माझा जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं होतं. तसं पुन्हा कधी वाटलं नाही.

गावच्या जत्रेत सगळ्यात मोठ्या भोपळ्याचा निकाल सांगताना एका नगरसेवकाचं पोट मला लागलं आणि मी मंडपाच्या फळ्यांवर तोंडावर आपटलो. आवाज सांभाळणारा लेस्टर नावाचा गृहस्थ होता, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्यानं मला उघडून पाहिलं. "पडदा शाबूत आहे," तो म्हणाला, "पण आतली तार तुटली. गेला बिचारा." म्हणजे माझी अवस्था अशी झाली की मला ऐकू सगळं येतं, पडदा थरथरतोही, पण ते पुढे पोचत नाही. लेस्टरनं मला मोडीच्या खोक्यात ठेवलं. तिथेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

तोवर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर टेलिव्हिजन आला होता. तिथे हॅल ब्रॅडिगन नावाचा गुळगुळीत माणूस रोज दुपारी चार वाजता पोरापोरींच्या नाचाचा कार्यक्रम करायचा. शाळा सुटली की पोरं थेट तिथे. दारात एक डबा होता, त्यात च्युइंगगम थुंकायचं, मुलांचा टाय आणि मुलींच्या स्कर्टची लांबी बघून घ्यायची, आणि मग आत सोडायचं. आत तबकड्या वाजायच्या आणि पोरं नाचायची. तीच पोरं रोज दिसायची म्हणून गावभर त्यांची नावं झाली होती. कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं फाटलं, यावर किराणा दुकानात बायका वाद घालायच्या. अधूनमधून नवं गाणं घेऊन कुणी गायक यायचा. आता एवढ्याशा स्टुडिओत वाद्यवृंद कुठे मावणार? म्हणून लेस्टर तबकडी लावायचा आणि गायक तिच्यावर नुसते ओठ हलवायचा.

ओठ हलवायला समोर काहीतरी हवं. ब्रॅडिगनला मोडीच्या खोक्यात मी दिसलो.

"हा कशाला टाकलाय?"

"मेलाय तो," लेस्टर म्हणाला.

"मग उत्तम. मेलेला मधे खोकत तरी नाही. आणि चेहरा बघ याचा, माझ्याहून बरा दिसतोय."

झालं. लेस्टरनं मला उंच दांड्यावर बसवलं. दाखवायला एक वायर लावली, ती दांड्यावरून खाली उतरून सतरंजीखाली गेली. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला वाटायचं, याच्यातूनच सगळं येतंय.

माझ्यापुढे उभे राहणारे ओठ हलवताना काय पुटपुटायचे हे मला एकट्याला माहीत. एक उंच केसांचा लाडका गायक होता, त्याला बघून मुली रडायच्या. तो प्रेमगीताच्या चालीवर तोंडातल्या तोंडात संध्याकाळी काय खायचं त्याची यादी म्हणायचा. दुसरा एक सबंध गाणंभर त्याच्या मॅनेजरला शिव्या द्यायचा, चेहरा मात्र देवळातल्यासारखा. काही जण भीतीनं खरंच गायचे, अगदी हळू, आणि बेसूर. हसू यायचं. पण पुराची सूचना देणाऱ्यानं या थराला यावं याची लाजही वाटायची, आणि लाज वाटून काही करता येत नाही हे त्याहून वाईट.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार काळ्या मुलांचा. एरवी ती आली तर दारावर सांगायचे, "तिकिटं संपली," आणि आत निम्मी जागा मोकळी असायची. त्या शुक्रवारी मात्र तीच यायची, कडक इस्त्रीचे कपडे करून, च्युइंगगम नसलं तरी डब्याशी थांबून. नाचायची अशी की कॅमेरावालाही पाय हलवायचा. नंतरच्या सोमवारी सकाळी फरशीवर दुप्पट फिनेल पडायचं. झाडूवालीला तसं कुणीतरी सांगितलेलं असणार.

आता मुख्य गोष्टीवर येतो.

ब्रॅडिगननं मेव्हण्याच्या भागीदारीत तबकड्या काढायचा लहानसा धंदा उघडला होता. त्यांच्याकडे एक गाणं आलं, 'पायरीवर बसले मी'. मुलगी पायरीवर बसून वाट बघते एवढंच गाणं, मधे बराच वेळ सॅक्सोफोन. एखाद्या नावाजलेल्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी नमुना करून ठेवायचा होता. त्यासाठी त्यांनी टेकडीवरच्या चर्चमध्ये गाणारी एक सतरा वर्षांची काळी मुलगी आणली. तिचं नाव अर्नेस्टीन पिकेट. हे नाव लक्षात ठेवा, कारण दुसरं कुणी ठेवलेलं नाही. तिला त्या दिवशी सर्दी झाली होती, नाक बंद होतं. तरी ती अशी गायली की नावाजलेल्या गायिकेनं नमुना ऐकून गाणं परत पाठवलं. "हे झालंय की गाऊन," ती म्हणाली म्हणे.

ब्रॅडिगननं विचार केला, आवाज आहे, चेहरा चारच्या कार्यक्रमात चालायचा नाही. मग चेहरा दुसरा लावू. रोज नाचायला येणाऱ्या पोरींत पॅटी ड्रोझ्डा होती. बाप पोलादाच्या कारखान्यात, आई चर्चच्या विक्रीसाठी पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्या, लाटणारी. पॅटीला सगळ्यात जास्त पत्रं यायची. तिचं नाव सुझी लेन ठेवलं, तबकडीच्या वेष्टणावर तिचा फोटो छापला.

पण एक अडचण आली. ओठ जुळवता येतात हो, श्वास जुळत नाही. कॅमेरा जवळ आला की बघणाऱ्याला कळतं, ही कुठे छाती भरून घेत नाही आणि सूर तर लांबच लांब चाललाय. आणि सर्दीमुळे अर्नेस्टीननं 'पायरी' या शब्दाच्या पोटातच एक श्वास घेतला होता. तो पॅटीला काही केल्या सापडेना. तेव्हा ब्रॅडिगननं अर्नेस्टीनला बोलावणं पाठवलं, पॅटीला श्वास शिकवायला.

कार्यक्रम संपून पोरं गेली की ती मागच्या दारानं यायची. चार दिवस आली. पहिल्या दिवशी तिला या सगळ्यामागचा डाव कळला. वेष्टणावरचा फोटो तिनं उलटून पालटून पाहिला.

"माझं नाव कुठे आहे, मिस्टर ब्रॅडिगन?"

"धंद्यात आहेस आता, घाई करू नकोस," तो म्हणाला. "ह्या पोरीला शिकव. शेवटच्या शुक्रवारी तुला तुझ्या नावानं उभी करतो, याच माइकसमोर. सगळा गाव बघेल."

तिला एवढंच हवं होतं. एकदा तिचं नाव आणि तिचा आवाज एकत्र जावेत, आणि शेजारच्यांच्या टेलिव्हिजनसमोर बसलेल्या तिच्या आईनं ते ऐकावं. आईनं चर्चमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझी लेक तबकडीवर गायली, आणि दुकानात तबकडी आली तेव्हा तिच्यावर दुसरीच मुलगी. आई खोटं बोलते असं लोक तोंडावर म्हणत नव्हते, पण खोकत होते. म्हणून अर्नेस्टीननं शिकवायचं कबूल केलं.

शिकवणी माझ्यासमोर चालायची. लेस्टर तबकडी लावी. पॅटी माझ्यापुढे, अर्नेस्टीन तिच्या पाठीला पाठ लावून, म्हणजे श्वास कधी घेतला ते कळावं.

"बाई गं, तू श्वासच घेत नाहीस," अर्नेस्टीन म्हणाली. "मेलीस तर माझ्यावर आळ येईल."

"मला टेन्शन येतं. श्वास घेतला की तोंड वेडंवाकडं होतं."

"होऊ दे की. गाताना कोण सुंदर दिसतं? माझी मावशी गाते तेव्हा मगरीसारखी दिसते, पण लोक रडतात."

पॅटी खुदकन हसली. "आणि हा मधला? पायरीच्या मधला?"

"तो काही मुद्दाम नाही. नाक चोंदलं होतं माझं."

"म्हणजे मी तुझ्या सर्दीची नक्कल करायची?"

"कर बाई. निदान रुमाल तरी तुझा तू आण."

अर्नेस्टीननं कागदात बांधून आणलेल्या सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या दोघींनी वाटून खाल्ल्या, एकमेकींच्या पाठीला पाठ लावूनच. चौथ्या दिवशी पॅटीला श्वास जमला. तेव्हा अर्नेस्टीननं माझ्या पट्ट्यांवर बोट फिरवलं. "तू उभी राहतेस तेव्हा हा बंद ठेवतात ना, तबकडी असते म्हणून?"

"हं."

"माझ्या शुक्रवारी चालू करतील?"

पॅटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मेलेला आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. खरं सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण शिकवणारीनं आत्ताच तिला श्वास दिला होता, करंजी दिली होती, आणि वाईट बातमी सांगायला कुणाला आवडतं?

"करतील की," ती म्हणाली. "बटण असतं खाली."

मी माझ्या परीनं ओरडलो. पडदा थरथरला असेल. बस.

गाणं वेलर्टनमध्ये आणि नदीपलीकडच्या गावांत धो धो चाललं. पॅटी दर आठवड्याला माझ्यासमोर यायची, ओठ सुरेख हलवायची, पायरीच्या मधे सर्दीचा श्वास घ्यायची. पोरींनी तो श्वास उचलला, ती फॅशन झाली. आवाज न करता गाणारी पॅटी आतल्या आत आकडे मोजायची, एक दोन तीन चार, सॅक्सोफोन संपेपर्यंत. तिच्या तोंडातून मी कधी सूर ऐकला नाही.

मग शेवटचा शुक्रवार आला. अर्नेस्टीन समोरच्या दारानं आली, पिवळ्या झग्यात, हातात पांढरे हातमोजे. काळ्या मुलांनी स्टुडिओ भरला होता. ब्रॅडिगननं हातातला स्वतःचा माइक उचलला, तो जिवंत होता, आणि म्हणाला, "आता आपली ओठ हलवण्याची स्पर्धा. पाच स्पर्धक, पाच आवडती गाणी. जो तबकडीशी हुबेहूब ओठ जुळवील तो जिंकला. चौथी स्पर्धक आहे अर्नेस्टीन पिकेट, आणि ती आपल्याला करून दाखवणार आहे सुझी लेन."

तिचं नाव त्यानं घेतलं खरं. शब्द पाळला असं त्याला वाटलंही असेल. सुझी लेनला आठवड्याला दोनशे पत्रं येत असताना ही बाई खरी गायिका असं तो कशाला सांगतो? आणि बघणाऱ्यांच्या लेखी काळी मुलगी गोऱ्या मुलीची नक्कल करते यात अडखळण्यासारखं काही नव्हतं.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातमोज्यातली बोटं गार होती, दांड्यातून मला कळत होतं. चेहऱ्यावर मात्र मला वाटलं होतं तसं काही दिसलं नाही. तिनं मनात काहीतरी ठरवलं होतं. तबकडी सुरू झाली आणि ती गाऊ लागली, खरोखर, पोटातून. आज तिला सर्दी नव्हती. पायरीच्या मधे ती थांबलीच नाही. चर्चमध्ये गातात तसा तिनं सूर वर नेला, फिरवला, तबकडीवरची ती मागे राहिली आणि माझ्यासमोरची ती पुढे गेली. तेवढ्या जवळून तसं गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही. भिंतीवरचे कर्णे जोरात वाजत होते, दोन हातांवरच्या पोरांनाही फक्त तबकडी ऐकू येत होती.

सॅक्सोफोन आला. ती आणखी पुढे झाली आणि माझ्यात बोलू लागली. भरभर, पण स्पष्ट.

"मी अर्नेस्टीन पिकेट. टेकडीवर, शेवटचं घर. हे गाणं मी गायलंय. तबकडीवर जी ऐकताय ती मी आहे, सुझी लेन नाही. फेब्रुवारीत गायले, सर्दी झाली होती मला. माझी आई खोटं बोलत नाही. आई, ऐकतेस ना? मी सांगितलं बघ सगळ्यांना."

सॅक्सोफोन संपला तशी ती मागे झाली. एवढं समाधान मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. हॅरीला परत आणणाऱ्या त्या बाईच्याही नाही. ऐकलं मी, एकट्यानं. कुठे नेऊ ते?

पोरं हसत होती. जिथे शब्दच नाहीत तिथे ही तोंड हलवतेय, ओठ हलवण्याच्या स्पर्धेत याहून मोठी चूक नाही. ब्रॅडिगननं हसत हसत तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सॅक्सोफोन वाजत असताना बाईसाहेबांच्या गप्पा चालल्या होत्या. आणि सुझीचा तो प्रसिद्ध श्वास, तो कुठे गेला? घरी विसरलीस?"

परीक्षकांनी तिला पाचवा नंबर दिला. स्पर्धक पाचच होते.

पोरं गेल्यावर ती थांबली. अजून तिला वाटत होतं की आतल्यांनी मुद्दाम हसण्यावारी नेलं, पण बाहेर, घराघरांत, गेलं असणार. लेस्टर वायरी गुंडाळत होता, त्याच्याकडे ती गेली.

"मिस्टर लेस्टर, ऐकू गेलं ना?"

"काय?"

"मी बोलले ते. मधे. सॅक्सोफोनच्या वेळी."

लेस्टरनं हातातलं काम खाली ठेवलं. तो गुडघ्यावर बसला आणि सतरंजीचा कोपरा उचलला. माझी वायर तिथे वीतभर आत जाऊन संपली होती. टोकाला काळी चिकटपट्टी.

"हा सहा वर्षांपूर्वीच गेला, पोरी. जत्रेत पडला होता."

तिनं वाकून त्या टोकाला बोट लावलं. मग तिनं विचारलं, "पॅटीला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

तिनं सतरंजी पायानं नीट सारखी केली, हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि निघाली. मागच्या दारानं गेली. समोरचं उघडं होतं तरी.

त्यानंतरची हकीकत मला लेस्टरच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळली. सोमवारी शाळेत पोरं तिला बघून नुसतेच ओठ हलवायची. आई चर्चमध्ये जायची बंद झाली. ब्रॅडिगननं पुढच्या गाण्यासाठी अर्नेस्टीनला निरोप धाडला, तिनं दार उघडलं नाही. मग पॅटीच्याच आवाजात दोन तबकड्या काढल्या, त्या कुणी फुकटही नेल्या नाहीत. पॅटीनं कापडदुकानवाल्याशी लग्न केलं. अर्नेस्टीन इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. कुणीतरी तिथे विचारलं, तू गायचीस ना, तर ती म्हणाली, "छे, ती दुसरी."

पुढच्या दोन वर्षांत कार्यक्रम बंद पडला. पोरांच्या आवडी बदलल्या, ब्रॅडिगन मोटारी विकायला लागला. लेस्टरनं निवृत्त होताना मला घरी नेलं आणि रेडिओच्या कपाटावर ठेवलं. दर रविवारी तो मला फडक्यानं पुसायचा आणि बायकोला म्हणायचा, "त्या पोरीचं एकदा कुणालातरी सांगायला पाहिजे."

"मग सांग ना," ती म्हणायची.

"सांगू. गडबड कमी झाली की." निवृत्त माणसाला कसली गडबड? पण चांगली माणसं अशीच असतात, सत्य त्यांच्याकडे जपून ठेवलेलं असतं आणि ते ठेवणीतच राहतं. तो गेला. मुलीनं सामान आवरताना मला गावच्या संग्रहालयाला देऊन टाकलं.

तिथे मी आता काचेच्या पेटीत आहे. शेजारी पॅटीचा सतराव्या वर्षीचा फोटो, खाली बटण. बटण दाबलं की गाणं लागतं. पाटीवर लिहिलंय, "सुझी लेन हिनं आपलं गाजलेलं गीत याच माइकवरून गायलं." एका वाक्यात तीन खोट्या गोष्टी बसवायला कौशल्य लागतं.

पेटीचं उद्घाटन झालं तेव्हा पॅटीला बोलावलं होतं. सत्तरीला टेकलेली, गुडघ्यांनी बेजार, पण हसू तेच. समोर साठसत्तर खुर्च्या, केक, कॉफी. तिच्या हातात एक माइक दिला, लहानसा, बिनवायरचा, आणि जिवंत. मी मनात म्हटलं, पॅटी, आता बोल. ब्रॅडिगन मेला, लेस्टर मेला, तुला आता कोण काय करणार आहे?

मागच्या रांगेत अर्नेस्टीन बसली होती. काठी, करडा कोट, केस पांढरेशुभ्र. मी तिला ओळखलं आणि पॅटीनंही ओळखलं, कारण बोलता बोलता ती मधेच थांबली. माइक तोंडाशी, ओठ उघडे, आवाज नाही. सगळ्यांना वाटलं म्हातारीला गहिवरून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर ती म्हणाली, "फार सुंदर दिवस होते ते. तुम्ही आठवण ठेवलीत, आभार." आणि माइक परत दिला.

मग सह्या. लोक जुन्या फोटोच्या प्रती घेऊन रांगेत उभे राहिले. पॅटी मान खाली घालून सह्या करत होती, प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होती. रांगेच्या शेवटी करडा कोट आला. टेबलावर फोटो सरकला. पॅटीनं मान वर केली नाही.

"नाव काय लिहू?"

"अर्नेस्टीन पिकेट."

पेन थांबलं. मला वाटलं, आता ही पेन खाली ठेवील, उठेल, त्या बाईचा हात धरील आणि लोकांकडे वळेल. पॅटीचा श्वास जोरात चालला होता, काचेतून मला ऐकू येत होता. तिच्या मागे नातवंडं केक खात उभी होती. एकानं हाक मारली, "आजी, झालं का? गाडी लावलीय."

"झालंच," पॅटी म्हणाली, आणि लिहिलं. अर्नेस्टीननं फोटो हातात घेतला, चष्मा वर करून वाचला. मला उलटं दिसत होतं तरी मीही वाचलं. 'माझी चाहती अर्नेस्टीन पिकेट हिला, प्रेमपूर्वक. सुझी लेन.'

अर्नेस्टीन तिच्याकडे पाहत राहिली. रागानं नव्हे. दमलेल्या माणसानं बसची वेळ बघावी तसं.

"श्वास अजून चुकतो तुझा," ती हळूच म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली. जाताना माझ्या पेटीकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. का पाहावं?

पुढच्या हिवाळ्यात ती वारली. संग्रहालयाच्या कारकुनानं वर्तमानपत्रातल्या चार ओळी दुसऱ्याला वाचून दाखवल्या, म्हणून मला कळलं. धुलाईखान्यात चौतीस वर्षं नोकरी, मागे दोन मुलगे. गाण्याचा उल्लेख नव्हता. वाचता वाचता त्याच्या कोपराचा धक्का लागून बटण दाबलं गेलं आणि ती गायला लागली. "बंद कर रे, कंटाळा आला या बाईचा," दुसरा म्हणाला, आणि त्यानं बंद केलं.